वर्तणूक : चांगली – अमेरिकेतल्या मराठी आईबाबांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा एक रकाना आहे आणि त्यापुढे निळ्या शाईत ‘चांगली’ असं लिहिलेलं आहे. तुमच्याही दाखल्यावर असेल. कराडच्या आमच्या शाळेत दहावीचा निकाल लागला की कचेरीतले क्लार्क एका बैठकीत गठ्ठाभर दाखले लिहून काढायचे, आणि त्या रकान्यात सगळ्यांना तोच एक शब्द मिळायचा. ज्या मुलाला हेडसरांनी दोनदा ‘पालकांना घेऊन ये’ म्हणून घरी पाठवलं होतं, त्याच्याही दाखल्यावर ‘चांगली’च होतं. पोराचं पुढचं शिक्षण एका शब्दापायी अडू नये, ही त्यामागची माया होती आणि मला तिचा आजही आदर वाटतो.

तो दाखला घेऊन आपण अकरावीला गेलो, मग कुणी इंजिनिअरिंगला, कुणी फार्मसीला, माझ्यासारखी कुणी मायक्रोबायोलॉजीला, आणि तिथून इकडे आलो. आपली वर्तणूक कशी होती हे आपल्याला पुढे कधी कुणी विचारलंच नाही. आपल्या मुलांना इथे विचारतात. मेडिकलचा अर्ज भरताना तर ठळकपणे विचारतात. आणि तो रकाना कुणी क्लार्क भरत नाही, मुलाला स्वतःच्या हाताने भरावा लागतो. हे पत्र त्या रकान्याबद्दल आहे.

माझ्या मुलाच्या नावावर कॉलेजमध्ये शिस्तभंगाची कारवाई झालेली आहे. एवढं एक वाक्य चार लोकांत उच्चारायला मला दोन वर्षं लागली. पत्र प्रसिद्ध करायला त्याची परवानगी आहे. नाव मात्र छापू नकोस म्हणाला, म्हणून माझंही नाव खाली नाही.

झालं ते असं. दुसऱ्या वर्षाला ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये बेन्झॉइक ॲसिड शुद्ध करायचा प्रयोग होता. गरम पाण्यात विरघळवायचं, हळूहळू थंड होऊ द्यायचं, स्फटिक गाळून वाळवायचे, वजन करायचं, किती अंशाला वितळतात ते बघायचं. ह्याने घाईत फनेल कलंडवलं आणि निम्मे स्फटिक सिंकमध्ये गेले. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट द्यायचा होता. शेजारच्या टेबलावरच्या मित्राकडून त्याने आकडे घेतले. वितळणबिंदू १२१ ते १२२, वजन १.४३७ ग्रॅम. बेन्झॉइक ॲसिड वितळतंच १२२च्या आसपास, त्यामुळे तो आकडा सगळ्या वर्गाचा सारखा आला तरी कुणाला काही वाटत नाही. पण दोन मुलांनी वेगवेगळ्या भांड्यांत काढलेले स्फटिक मिलिग्रॅमपर्यंत सारखे भरत नाहीत. तपासणाऱ्या टीएने, म्हणजे प्राध्यापकांच्या हाताखालच्या साहाय्यकाने, दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले आणि प्राध्यापकांकडे पाठवले.

हिअरिंग झालं. त्या रिपोर्टला शून्य, एक वर्षाचं प्रोबेशन (म्हणजे देखरेखीचा काळ) आणि सचोटीवरचा एक छोटा कोर्स. पदवीपर्यंत पुन्हा काही घडलं नाही तर नोंद काढून टाकू, असं पत्र ईमेलने आलं. त्याने ते वाचलं, वेगळ्या फोल्डरमध्ये टाकलं आणि आम्हाला काहीच सांगितलं नाही. थँक्सगिव्हिंगला घरी आला, पुरणपोळ्या खाल्ल्या, आजीशी व्हिडिओवर बोलला आणि परत गेला. मला तेव्हा एवढंच वाटलं होतं की पोरगा वाळलाय.

कॉलेजनेही आम्हाला काही कळवलं नाही, आणि त्यात कॉलेजची काही चूक नव्हती. इथे १९७४पासून फर्पा नावाचा कायदा आहे. मूल अठरा वर्षांचं झालं किंवा कॉलेजात गेलं की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क त्याचा होतो. फी आपण भरतो म्हणून डीनच्या ऑफिसला फोन लावला तर बहुतेक ठिकाणी अदबीने सांगतात, मुलाच्या संमतीशिवाय बोलता येणार नाही. आपल्याला हे पचायला जड जातं. आपल्याकडे कॉलेजातून घरी चिठ्ठी यायची. इथे घरी येणारी चिठ्ठी म्हणजे मूलच.

पदवीनंतरचा जून महिना होता. डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून तो ॲमकॅसचा अर्ज भरत होता. अमेरिकेतल्या बहुतेक मेडिकल कॉलेजांसाठी हा एकच सामाईक अर्ज असतो; टेक्सासच्या सरकारी कॉलेजांचा वेगळा, ऑस्टिओपॅथीच्या कॉलेजांचा वेगळा. मार्क भरून झाले होते, पंधरा कामांची यादी झाली होती. मी डाळीला फोडणी देत होते. तो म्हणाला, “आई, गॅस बंद कर आणि बाबांना बोलव.”

त्याने सगळं सांगितलं. खाली बघून, पण न थांबता. त्याचे बाबा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, “नोंद काढलीय ना त्यांनी? पत्र आहे ना तसं? मग ‘नाही’ लिही. झाकली मूठ सव्वा लाखाची.” मी काय म्हणाले तेही सांगायला हवं. मी म्हणाले, “एका रिपोर्टला शून्य मिळालं, त्याला काय कारवाई म्हणतात का रे?” म्हणजे मी तेच म्हणाले, फक्त मायेच्या आवाजात.

त्याने लॅपटॉप आमच्याकडे वळवला आणि प्रश्न वाचून दाखवला. तुम्हीही तो एकदा नीट समजून घ्या, कारण आपल्या घरांतला घोळ इथेच होतो. अभ्यासातल्या कमतरतेबद्दल किंवा गैरवर्तनाबद्दल कुठल्याही कॉलेजने तुमच्यावर कधी कारवाई केली आहे का, असं त्यात विचारलंय. त्या कारवाईमुळे शिक्षणात खंड पडला नसेल तरी सांगायचं. आणि ती नोंद कॉलेजच्या नियमाने किंवा तुमच्या विनंतीवरून पुसली गेली असेल, मार्कशीटवर दिसत नसेल, तरीही ‘हो’ म्हणायचं. पुसलेल्या नोंदीचा उल्लेख प्रश्नातच आहे. जी पळवाट त्याच्या बाबांनी पाच मिनिटांत शोधली, ती ज्यांनी प्रश्न लिहिला त्यांनी आधीच बुजवून ठेवली होती.

‘अभ्यासातल्या कमतरतेबद्दल’ हे शब्दही महत्त्वाचे आहेत. कॉपी, मारामारी, हॉस्टेलच्या खोलीत सापडलेली दारू (इथे एकविसाच्या आत पिणं बेकायदा, हे आपण विसरतो) एवढ्यापुरताच हा प्रश्न नाही. पहिल्या सेमिस्टरला मार्क घसरले आणि कॉलेजने अकॅडेमिक प्रोबेशनवर टाकलं, तर तेही सांगावं लागतं. आपल्यातल्या किती घरांत ‘पहिल्या सेमिस्टरला जरा गडबड झाली होती’ एवढ्यावर तो विषय मिटलेला असतो!

आणि उलटंही होतं. हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या सीनियर मुलाने मोठ्याने गाणी लावल्याबद्दल समज दिली, तर ती कारवाईच्या व्याख्येत बसेलच असं नाही. ते ठरवायचं काम आपलं नाही, मुलाचंही नाही. कॉलेजच्या त्या ऑफिसला मुलाने लेखी विचारायचं : तुमच्या दृष्टीने ही कारवाई होती का? उत्तर लेखी घ्यायचं आणि जपून ठेवायचं. स्वतःची फाइल बघायला मागण्याचा हक्क त्याच फर्पा कायद्याने मुलाला दिलाय, आणि मागितल्यावर कॉलेजला ४५ दिवसांच्या आत ती दाखवावी लागते. म्हणून हे काम मे महिन्यात सुचून उपयोगाचं नाही, हिवाळ्यातच करायला हवं. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून सांगते.

तर त्या रात्री आमच्या घरी मोठं भांडण झालं, आणि दुसऱ्या दिवशी मला नाइट ड्यूटी होती.

मी इथल्या एका हॉस्पिटलच्या रक्तपेढीत २१ वर्षं काम करते आहे. रुग्णाला रक्त चढवण्याआधी त्याचा गट तपासायचा, जुळणी करायची, पिशवी द्यायची. ओ गटाच्या माणसाला ए गटाचं रक्त गेलं तर माणूस दगावू शकतो, म्हणून आमच्याकडे प्रत्येक गोष्ट दोनदा बघतात. नळीवर नाव, नंबर, तारीख, रक्त काढणाऱ्याची सही. यातलं एक अक्षर चुकलं तरी नमुना परत जातो आणि रुग्णाला पुन्हा सुई टोचावी लागते. नर्सेस वैतागतात. आम्ही ऐकत नाही.

नोकरीच्या सातव्या वर्षी माझ्या हातून दोन नळ्यांची अदलाबदल झाली. पहाटे चार वाजता, शेजारी शेजारी ठेवलेल्या. ओ गटाच्या बाईंसमोर मी ए लिहिलं. कॉम्प्युटरने त्यांचा जुना गट दाखवला, जुळेना, तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि हातापायांतलं त्राणच गेलं. रक्त अजून दिलेलं नव्हतं. खोलीत मी एकटीच होते. दोन्ही नमुने पुन्हा लावून बरोबर उत्तर भरलं असतं तर चूक झाली होती हे जगात कुणालाही कळलं नसतं. मी सुपरवायझरला उठवलं. चुकीचा रिपोर्ट लिहिला, माझं पुन्हा ट्रेनिंग झालं, पुन्हा परीक्षा झाली. तो कागद आजही माझ्या फाइलमध्ये आहे आणि माझी नोकरीही आहे. त्यानंतर काही वर्षांनी एका सहकाऱ्याने याहून लहान चूक गुपचूप खोडून दुरुस्त केली. ते उघडकीला आलं आणि त्याच आठवड्यात त्यांना घरी पाठवलं. आमच्याकडे सांगितलेल्या चुकीला उपाय असतो. खोडलेली चूक सापडली की त्या माणसाने आजवर दिलेली सगळी उत्तरं संशयास्पद होतात. त्याने काल जुळवलेली पिशवी आज कुणाच्या हाताला लावायची?

त्या नाइटला रॅकमधल्या नळ्या सारख्या करताना मला आमच्या डायनिंग टेबलवरचं बोलणं आठवत राहिलं. जे मी माझ्या कामावर कुणालाही करू दिलं नसतं, ते मी मुलाला करायला सांगत होते. आणि तो डॉक्टर व्हायला निघाला होता, म्हणजे उद्या माझ्याकडून पिशवी घेऊन रुग्णाला चढवा म्हणून सांगणार तो.

प्रवेश समित्या हा प्रश्न का विचारतात, याचं एक उत्तर २००५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या एका अभ्यासात मिळतं. मॅक्सीन पापाडाकिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन मेडिकल कॉलेजांतून बाहेर पडलेले २३५ डॉक्टर घेतले, ज्यांच्यावर पुढे राज्यांच्या मेडिकल बोर्डांनी शिस्तभंगाची कारवाई केली होती. त्यांच्याशी तुलना करायला तिथलेच ४६९ डॉक्टर घेतले, ज्यांच्यावर अशी कारवाई झालेली नव्हती. मग दोघांच्याही मेडिकल कॉलेजमधल्या जुन्या फायली उघडल्या. विद्यार्थिदशेतलं गैरवर्तन आणि पुढे डॉक्टर झाल्यावरची कारवाई यांचा घट्ट संबंध निघाला, साधारण तिपटीचा. मला त्यातला पुढचा तपशील जास्त महत्त्वाचा वाटतो. सर्वात जोरदार संबंध होता तो टोकाच्या बेजबाबदारपणाशी, आणि त्याखालोखाल स्वतःला सुधारता न येण्याशी. म्हणजे चूक दाखवून दिली तरी ज्याला ती घेता येत नाही, त्याच्याशी. हा अभ्यास मेडिकलच्या विद्यार्थ्यांचा आहे, आपल्या मुलांच्या कॉलेजच्या वर्षांचा नाही. तरी समितीत बसलेला माणूस ती छोटी चौकट वाचताना काय शोधत असेल, हे त्यावरून मला कळलं.

ती चौकट खरोखर छोटी असते. ॲमकॅसमध्ये ‘हो’ म्हटलं की खुलासा करायला १३२५ अक्षरं मिळतात. शब्द नव्हे, अक्षरं. अर्धं पान.

पहिला मसुदा त्याच्या बाबांनी लिहिला. मी त्यांना दोष देत नाही. बाप आहेत, रात्री दोन वाजेपर्यंत बसून लिहिला. त्यात करोनानंतरच्या ऑनलाइन वर्गांचा ताण होता, टीए कडक असल्याचं होतं, आणि साताऱ्याच्या आजोबांचं आजारपण होतं. आजोबा त्या वर्षी आजारी होते हे खरं आहे. पण ते आजारी पडले जानेवारीत आणि रिपोर्ट होता ऑक्टोबरातला. मुलाने ते वाक्य बाबांना दाखवलं आणि विचारलं, “बाबा, खोट्याबद्दलच्या खुलाशात पुन्हा खोटं घालायचं का?” ते उठून गच्चीत गेले. त्यानंतर त्यांनी त्या कागदाला हात लावला नाही.

मग त्याने स्वतः लिहिलं. मराठीत सांगायचं तर असं : माझे स्फटिक सांडले होते. रिपोर्टमध्ये तसं लिहिता आलं असतं, थोडे मार्क गेले असते. मी मित्राचे आकडे माझे म्हणून लिहिले. त्याने मला ते विश्वासाने दाखवले होते, मी कॉपी करणार आहे हे त्याला माहीत नव्हतं, तरी माझ्यामुळे त्यालाही हिअरिंगला उभं राहावं लागलं. मी तिथे सगळं कबूल केलं आणि त्याच्यावरचा आळ निघाला. मी त्याची माफी मागितली आहे.

त्या मित्राबद्दल आम्हाला हे वाचेपर्यंत माहीत नव्हतं. इतके दिवस घरात आम्ही फक्त आमच्या मुलाचं काय होणार एवढंच बोलत होतो. त्या दुसऱ्या पोराचं काय झालं, हे आम्हा दोघांपैकी एकाच्याही तोंडून आलं नव्हतं. माझी मान खरी खाली गेली ती तेव्हा.

उरलेल्या अक्षरांत त्याने नंतर काय केलं ते लिहिलं. प्रोबेशन संपल्यावर त्याच लॅबमध्ये तो पहिल्या वर्षाच्या मुलांना मदत करायला जायचा, आणि सांडलं तर सांडलं असं वहीत लिहायला लावायचा. हे मी त्याच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. तुमच्या मुलामुलींवर अशी वेळ आली असेल तर हे लक्षात ठेवा : खुलासा सुंदर भाषेने उभा राहत नाही. मधल्या काळात काही केलेलं असावं लागतं, आणि त्यासाठी मधे काळ जावा लागतो. घटना वसंतात आणि अर्ज उन्हाळ्यात, अशी वेळ असेल तर एक वर्ष थांबण्यात शहाणपण आहे.

आता निकालाचं. नोंदीमुळे काहीच बिघडत नाही असं मी सांगणार नाही, कारण बिघडतं. दरवर्षी पन्नास हजारांच्या वर मुलं अर्ज करतात आणि साधारण तेवीस हजारांना जागा मिळते. नोंद नसलेल्या हुशार मुलांनाही नकार येतात, मग नोंद असलेल्याचा रस्ता खडतर असणारच. त्यातही दारूच्या बाटलीकडे पोरवयातली चूक म्हणून बघितलं जाऊ शकतं, कॉपीकडे तितक्या सहज बघत नाहीत, आणि ते योग्यच आहे असं माझं मत आहे. पहिल्या वर्षी त्याने २४ कॉलेजांत अर्ज केला. एका ठिकाणी इंटरव्ह्यू झाला, वेटलिस्टवर नाव लागलं आणि तिथेच राहिलं. सगळा दोष त्या नोंदीला देता येत नाही. इथे अर्ज जसजसे येतात तसतशा जागा भरत जातात. जूनमध्ये पाठवणारा पुढे असतो. आमचा अर्ज ऑगस्टच्या शेवटी गेला, कारण जून आणि जुलै आम्ही ‘हो’ लिहायचं की ‘नाही’ यावर घरात भांडण्यात घालवले. ते दोन महिने त्याचे आम्ही खाल्ले.

दुसऱ्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात अर्ज गेला. तीन इंटरव्ह्यू झाले, त्यातल्या दोन ठिकाणी त्या रिपोर्टबद्दल विचारलं. एका वयस्कर डॉक्टरबाईंनी विचारलं, टीएच्या लक्षात आलं नसतं तर तू काय केलं असतंस? तो म्हणाला, गप्प बसलो असतो, आणि तीच गोष्ट मला अजून टोचते. हे त्याने मला गाडीतून फोन करून सांगितलं. मी मनात म्हटलं, संपलं, असं कुणी बोलतं का! त्याच कॉलेजमध्ये त्याला प्रवेश मिळाला. येत्या ऑगस्टमध्ये सुरू होईल.

‘नाही’ लिहून निभावलं असतं का? कदाचित काही दिवस निभावलं असतं. पण अनेक मेडिकल कॉलेजं प्रवेशाच्या वेळी आधीच्या कॉलेजच्या डीनकडून दाखला मागवतात. अर्जात खोटं आढळलं तर चौकशी होते आणि तिचा निष्कर्ष कॉलेजांना कळवला जातो. वर्गात बसू लागल्यावर उघडकीला आलं तरी प्रवेश काढून घेता येतो. आणि अर्ज पाठवल्यानंतर नवी कारवाई झाली तर कामाच्या दहा दिवसांत तीही कळवावी लागते. पुढे रेसिडेन्सी, म्हणजे डॉक्टर झाल्यावरचं हॉस्पिटलातलं प्रशिक्षण आहे, लायसन्स आहे. तिथेही तुमच्या वागण्याबद्दलचे प्रश्न आहेत. प्रत्येक वेळी जुनं ‘नाही’ आठवून ठेवायचं, हे पोराच्या डोक्यावर जन्मभराचं ओझं कशाला?

कुणी म्हणेल, आळच खोटा असेल तर? तेही होतं. २०२१ साली डार्टमथच्या मेडिकल कॉलेजने १७ विद्यार्थ्यांवर ऑनलाइन परीक्षेत कॉपी केल्याचा आरोप ठेवला होता. पुरावा म्हणून अभ्यासाच्या वेबसाइटच्या नोंदी दाखवल्या. अशा नोंदी विद्यार्थ्याने काही न करता, त्याच्या उघड्या राहिलेल्या उपकरणांमुळे आपोआपही तयार होऊ शकतात हे पुढे आलं आणि त्या जूनमध्ये आरोप मागे घेण्यात आले. डीननी माफीही मागितली. हल्ली एआयने लिहिलंय असा संशय घेऊन मुलांना बोलावतात, तिथेही हे होऊ शकतं. म्हणून हिअरिंगचं पत्र आलं की मुलाने घाबरून वाट्टेल ते कबूल करू नये, पुरावा मागावा, आपल्या मसुद्यांच्या जुन्या प्रती ठेवाव्यात, कॉलेजने नेमून दिलेला सल्लागार घ्यावा. पण त्यासाठी पत्र आल्याचं त्याने कुणालातरी सांगायला हवं. दुसऱ्या वर्षाच्या त्या ऑक्टोबरात माझ्या मुलाने आम्हाला फोन का केला नाही, हे मी त्याला विचारलं. तो म्हणाला, “तू रडली असतीस, बाबा बोलले नसते, आणि तुम्ही दोघांनी मला नाही, नोंदीला वाचवायला सुरुवात केली असती.” पुढे आम्ही अगदी तसंच केलं, त्यामुळे माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पहिल्या वर्षी प्रवेश हुकला तेव्हा मंडळाच्या गणपतीत मला सगळ्यांनी विचारलं, मेडिकलचं काय झालं? मी म्हणाले, त्याला आधी रिसर्च करायचाय. आरतीच्या आधी पाच जणींना सांगितलं. पुढच्या वर्षी एका मैत्रिणीला खरं काय ते सांगितलं, तिने माझ्या परवानगीने आणखी एकीला, आणि त्यानंतर मला तीन घरांतून फोन आले. तिन्ही फोनची सुरुवात एकच : “कुणाला बोलू नका हं.” एकीच्या मुलीने कोडिंगचा गृहपाठ मैत्रिणीला दिला होता. एकाच्या मुलाच्या खोलीत बिअर सापडली होती. तिसऱ्या घरातल्या मुलीने तर आईला सांगण्यापेक्षा मेडिकलच नको म्हणून सोडून दिलं होतं. तिचे मार्क माझ्या मुलापेक्षा चांगले होते. कारवाई होती हॉस्टेलच्या दंडाची.

म्हणून तुम्हाला हात जोडून विनंती आहे. ज्यांच्या घरी पुढच्या उन्हाळ्यात अर्ज भरला जाणार आहे, त्यांनी याच आठवड्यात मुलाला विचारा, कॉलेजात कधी काही झालं होतं का. आणि त्याने सांगितलं तर निदान एक रात्र काहीही बोलू नका. सल्ला नको, ‘चार लोक काय म्हणतील’ नको, ओळखीच्या डॉक्टरकाकांना फोन नको. खुलासा त्याला लिहू द्या. वाचायला दिला तर तारखा खऱ्या आहेत का एवढंच बघा. त्यात कुणा दुसऱ्या मुलाचं नुकसान झालं असेल तर त्याचं काय झालं, हे आधी विचारा. आम्ही विचारलं नव्हतं.

मंडळांच्या कार्यकर्त्यांनाही एक मागणं आहे. आपल्याकडे दरवर्षी ‘मेडिकलला प्रवेश कसा मिळवावा’ असं एक सत्र होतं. व्यासपीठावर एमकॅट या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत ५२०च्या पुढे असलेली, पहिल्याच फेरीत चार-चार कॉलेजांतून होकार आलेली मुलं बसतात आणि खाली पाचवी-सहावीतल्या पोरांचे आईबाप वहीत लिहून घेतात. बसू देत, त्यांनी कष्ट केलेत. त्यांच्याशेजारी एक खुर्ची अशा मुलासाठीही ठेवा, ज्याने त्या चौकटीत ‘हो’ लिहिलंय. माझा मुलगा यायला तयार आहे. छापील नाव नको म्हणाला, पण समोर बसून विचाराल ते सांगतो म्हणाला. येत्या गणपतीत त्याचे वर्ग सुरू झालेले असतील, म्हणून जुलैमधला एखादा रविवार बघा.

आपली,
न्यू जर्सीतली एक आई